सेहेचाळीस नंबरचं टेबल

लाऊ ग्योकचू या एकोणसत्तर वर्षांच्या बाईने जन्मात एकच मोठं खोटं सांगितलं, आणि ते दहा मिनिटांचं होतं. तशी ती काही हरिश्चंद्राची नात नव्हती. गुडघा दुखत नाही, जेवण झालंय, पर्थहून मुलाचा फोन येऊन गेला, असली फुटकळ खोटी ती रोजच बोलायची आणि विसरून जायची. हे एक मात्र तिच्या मानगुटीवर बसलं.

बेटावरच्या या शहरात, तोआ पायोह वस्तीतल्या एका हॉकर सेंटरात, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या दुकानांत, ती टेबलं पुसायची. त्याआधी एकवीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात तारा जोडल्या, कारखाना गेला तसे डोळेही निम्मे गेले, नवरा तर त्याही आधी गेला होता. बासष्टाव्या वर्षी तिने फडका हातात घेतला. आता गिऱ्हाइकांनी आपापले ट्रे उचलायचे असा कायदा आहे, पण सांडलेली आमटी, माशांचे काटे आणि पोरांनी चिकटवलेला भात उचलायचा कायदा अजून झालेला नाही. तेवढं ग्योकचूच्या वाट्याला.

या सेंटरात बाराच्या पुढे टेबल मिळवणं म्हणजे लग्नाला मुहूर्त मिळवण्याइतकं कठीण. म्हणून लोक आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि मग रांगेत जातात. याला म्हणतात चोप करणं. चोप म्हटलं की मराठी माणसाला पाठीतला धपाटा आठवतो. इथे मात्र तो शिष्टाचार आहे. पाकिटावर नाव नसतं, गाव नसतं, तरी त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. पाकीट आहे म्हणजे माणूस येणारच. याबद्दल शंका घेणारा माणूस मी इतक्या वर्षांत इथे पाहिलेला नाही.

सेहेचाळीस नंबरच्या टेबलावर रोज बारा वाजून गेले की पाकीट पडायचं ते फू की ज्वान यांचं. वय चौऱ्याहत्तर, बायको वारलेली, तीस वर्षं सरकारी बस चालवलेली, त्यामुळे सगळ्या सेंटरात नाव ‘बस अंकल’. ग्योकचू मात्र त्यांना बसवाले म्हणायची. कारखान्यात असताना ती त्यांच्याच बसने जायची, हे दोघांना सहा वर्षांपूर्वी बोलता बोलता कळलं. तेव्हापासून अंकलनी एकच पालुपद धरलं होतं.

“ती पुढच्या दाराने उतरणारी तूच ना गं? हजारदा ओरडलो असेन, मागून उतरा, मागून उतरा!”

“तुमच्या मागच्या दारात माणसं खिळ्यांसारखी ठोकलेली असायची. उतरू कुठून, खिडकीतून?”

“बरं, पुसून पुसून टेबलाचं कातडं काढू नकोस. सरकारी आहे.”

“तुमची जीभही पुसून देते, थांबा. आ करा!”

झालं, एवढंच. याला मैत्री म्हणा, काय म्हणा. ग्योकचूशी दिवसभरात तेवढं एकच माणूस बोलायचं. बाकीचे नुसते बोट दाखवायचे, इथे पुसा, तिथे पुसा.

त्या मंगळवारी अंकल आले तेव्हा त्यांच्या अंगाला हिरव्या तेलाचा भपकारा येत होता. डोकं दुखो, पोट दुखो, कंबर धरो, इथल्या म्हाताऱ्यांचं औषध एकच, ती हिरव्या तेलाची बाटली.

“पोटात वारा धरलाय सकाळपासून,” छातीखाली हात चोळत ते म्हणाले. “जरा जाऊन येतो, मग नूडल घेतो. टेबल सांभाळ गं, नाहीतर ही ऑफिसची टोळधाड येऊन बसेल.”

“जा जा. मी काय मेलेय का इथे?”

त्यांनी पाकीट ठेवलं आणि शौचालयाकडे गेले. कॉफीच्या दुकानावर मोठं गोल घड्याळ आहे. त्यात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. ग्योकचूने घड्याळ पाहिलं ते स्वतःच्या सुट्टीला किती वेळ आहे हे बघायला, पण पाहिलं एवढं खरं.

थोड्या वेळाने एक जोडपं आलं. कडेवर पोर, हातात वाफाळता ट्रे. टेबल रिकामं बघून बाई बसायला गेली आणि ग्योकचू आडवी आली.

“इथे माणूस आहे.”

“कुठे आहे?” नवऱ्याने विचारलं.

“हे काय पाकीट. शौचालयात गेलेत. आत्ता येतील.”

“आंटी, आम्ही केव्हापासून समोर उभे आहोत. कुणी आलेलं नाही. पोराच्या अंगावर आमटी सांडली तर?”

“माझ्या हातात पोर दिलं होतंत का? म्हणे केव्हापासून! येतील ते, सांगितलं ना!”

“तुम्ही इथे पुसायला आहात की मित्रांच्या जागा अडवायला?”

“पुसायलाच आहे. सरका, तुमच्या पायाखालचंही पुसते!”

आसपासची माणसं हसली. नवऱ्याचा चेहरा लाल झाला आणि त्याने फोन बाहेर काढला. शौचालयात गेलेत, आत्ता येतील, असं फडका नाचवत ओरडणारी म्हातारी, मागे कडेवर रडणारं पोर, टेबलावर पाकीट. एक मिनिट एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ. मग ते दुसरीकडे निघून गेले.

आता खरं तर ग्योकचूने जाऊन बघायला हवं होतं, किंवा कुणा पुरुषाला आत पाठवायला हवं होतं. शौचालय काही गावाबाहेर नव्हतं, दहा पावलांवर होतं. खरकट्याची गाडी ढकलत ती त्या दारावरून दोनदा गेलीसुद्धा. पण बाई हट्टाला पेटली होती. चारचौघांत एवढी शोभा झाल्यावर आता टेबल सोडणं म्हणजे त्या पोरगेल्या बापाला जिंकू देणं. येऊ दे थेरड्याला, अशी हजेरी घेते की यंव, असं मनातल्या मनात ठरवत ती टेबलाशी राखण करत राहिली. पाकीट होतं ना! पाकीट आहे म्हणजे माणूस येणार.

एक वाजून दहा मिनिटांनी जेवण पोचवणाऱ्या एका माणसाला शौचालयाच्या दाराच्या फटीतून बूट दिसले. दार तोडावं लागलं. स्ट्रेचर सेहेचाळीस नंबरवरूनच गेलं, आणि चादरीबाहेर लोंबणारा चौकड्यांच्या बाहीतला हात ग्योकचूने ओळखला. हातातला फडका तिने तसाच तोंडावर धरला.

इकडे त्या बापाने व्हिडिओ तक्रारींच्या पानावर टाकला होता. वर लिहिलं होतं, सफाईवाल्या आंटीच टेबलं अडवणार असतील तर ग्राहकांनी जेवायचं कुठे? संध्याकाळपर्यंत साऱ्या बेटाने ते पाहिलं. म्हातारी माजलीय, काढून टाका, कंपनीचं नाव काय, फोन लावा. जागेचा चोप रोज पाहणाऱ्या ग्योकचूला आपल्याकडचा चोपही भरपेट मिळाला. तिच्या मुकादमाने, सेल्वनने, दुसऱ्या दिवशी तिला कोपऱ्यात घेतलं.

“आंटी, वरून फोनावर फोन येतायत. दोन दिवस घरी बसा. तोंड दाखवू नका.”

ती घरी बसली. तोंड दाखवायची इच्छा कुणाला होती?

मग बातमी फिरली. ज्याच्यासाठी टेबल धरलं तो माणूस गेला, हे दुपारच्या वर्तमानपत्राला कळलं आणि पहिल्या पानावर मथळा आला: मरणाऱ्या मित्राची जागा तिने सोडली नाही. काल शिव्या देणारेच आज डोळे पुसत होते. त्या बापाने जाहीर माफी मागितली. कंपनीने फळांची टोपली आणि चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं, सेल्वनने टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला. फोटोत ग्योकचू टोपलीकडे अशी बघत्येय, जणू आत साप आहे.

अंकलचं पार्थिव त्यांच्या इमारतीच्या खाली, मोकळ्या तळमजल्यावर मांडव घालून ठेवलं होतं. ग्योकचू तिसऱ्या दिवशी गेली. उदबत्ती लावली, तसबिरीला नमस्कार केला. तसबिरीत अंकल बसच्या गणवेशात होते. मग येणाऱ्यांसाठी शेंगदाणे मांडलेल्या गोल टेबलाशी येऊन तिने एक शेंगदाणा सोलला, पण खाल्ला नाही. समोर मुलगी येऊन बसली. फू मेइशान, चाळिशीची, रडून रडून कोरडी झालेली.

“आंटी, बाबा तुमच्याबद्दल सांगायचे. पुढच्या दाराने उतरणारी.”

ग्योकचूला हुंदका आला.

“एक विचारायचं होतं,” मेइशान म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचले असते. मला एवढंच सांगा, ते आत जाऊन किती वेळ झाला होता? पाकीट ठेवून गेले ते तुम्ही पाहिलंत ना?”

पन्नास मिनिटं. शब्द जिभेवर आले होते. पण समोर लेक होती आणि पलीकडे तसबीर होती.

“दहा मिनिटं,” ती म्हणाली. “दहाच झाली असतील, पोरी.”

मेइशानने डोळे मिटले. “म्हणजे काही करता आलंच नसतं.”

“काहीच नसतं आलं.”

मेइशानने तिचा हात दाबला. निघताना रिवाजाप्रमाणे लाल दोरा दिला. हा दोरा मयताच्या घरून निघालं की बोटाला गुंडाळायचा आणि घरी पोचायच्या आत वाटेत टाकून द्यायचा, म्हणजे तिथलं अशुभ आपल्यामागे येत नाही. ग्योकचूने तो टाकला नाही. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. आपण पोरीच्या मनाला शांत केलं, पाप कसलं त्यात, अशी समजूत ती आठवडाभर घालत राहिली, आणि समजूत पटत आलीही होती.

आठव्या दिवशी कॉफीवाला कोह लॉटरीची चिठ्ठी फडफडवत आला. इथे अपघात होवो, आग लागो, कुणी मरो, लोकांचं पहिलं लक्ष जातं ते आकड्याकडे. चार आकडे दिसले की लाव लॉटरीत.

“आंटी, तू लावलास की नाही? सगळं सेंटर लावतंय. एक दोन तीन पाच!”

“कसला आकडा?”

“अगं, तुझ्याच व्हिडिओतला! मागे माझं घड्याळ दिसतंय ना, बारा पस्तीस. लोकांचे डोळे बघ कसे असतात. तू ओरडत्येयस, येतील आत्ता येतील, आणि डोक्यावर बारा पस्तीस. अंकल सापडले एक दहाला. आकड्यात जीव आहे म्हणतात.”

ग्योकचू खुर्चीवर बसली. कामाच्या वेळेत ती खुर्चीवर बसली असं सात वर्षांत झालं नव्हतं. बारा पस्तीसला ती म्हणत्येय, शौचालयात गेलेत. सापडले एक दहाला. हा हिशेब सगळ्या बेटाला करता येत होता. तिच्या दहा मिनिटांचं काय झालं असेल हे तिला तिथेच कळलं, आणि फोन करून खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण तिच्याकडे मेइशानचा नंबर नव्हता. की नंबर नाही हे बरंच झालं असंही वाटलं? वाटलं, तेही वाटलं.

नंबर लागायची गरज पडली नाही. दुसऱ्याच दिवशी, बारा वाजून वीस मिनिटांनी, मेइशान सेंटरात आली. दंडावर सुतकाचं कापड होतं. सरळ सेहेचाळीस नंबरशी आली.

“पोरी,” ग्योकचू पुढे झाली, “बरं झालं आलीस. मला तुला काहीतरी—”

मेइशानने पिशवीतून टिश्यूचं पाकीट काढलं आणि टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवलं. तिचा आवाज अगदी मऊ होता.

“टेबल सांभाळाल ना, आंटी? दहा मिनिटांत येते.”

आणि ती दुकानांच्या गर्दीत शिरली.

ग्योकचू घड्याळाकडे बघत उभी राहिली. साडेबारा झाले. बारा एकतीसला ती धावली. बायकांच्या शौचालयात जाऊन तिने एकेक दार वाजवलं, आतून कुणीतरी शिवी घातली. नूडलची रांग पाहिली, कॉफीची पाहिली, रस्त्यावर येऊन बसथांबा पाहिला. बस नुकतीच सुटली होती.

ती परत आली तेव्हा पाकीट जिथल्या तिथे होतं. इथे दुसऱ्याच्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. ट्रे घेऊन आलेल्या दोन मुलींनी विचारलं, “आंटी, इथे कुणी आहे का?”

“आहे,” ग्योकचू म्हणाली.

सेल्वनने दोनदा हाक मारली, तिने ऐकलं नाही. गोल घड्याळाचा काटा सरकत होता आणि ती टेबलाची कड धरून उभी होती. येणारं कुणी नाही हे तिला माहीत होतं. तरी ती एक वाजून दहा मिनिटांपर्यंत तिथून हलली नाही, आणि पन्नास मिनिटं किती लांब असतात ते तिला त्या दिवशी कळलं.