क्षीण बल

बारावीला निसर्गातली चार बलं शिकवताना क्षीण बल आलं की पोरं हमखास हसतात. "नावातच दम नाय, मॅडम!" मीही हसून पुढे सरकायचे. परीक्षेत त्यावर असून असून एखाद्या गुणाचा प्रश्न.

या उन्हाळ्यात तेच बल आमच्या श्रीवर्धनच्या घरात आलं. आईच्या गळ्यातली थायरॉइडच्या कॅन्सरची गाठ काढल्यावर उरल्यासुरल्या पेशी मारायला मुंबईत तिला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. काही दिवस एकटीला खोलीत ठेवलं आणि छापील कागद देऊन घरी सोडलं. घरात आम्ही दोघीच. मी कागद मोठ्याने वाचला: वेगळी खोली, वेगळं ताट, वेगळा पेला, दोन हात लांब राहायचं. भरपूर पाणी प्यायचं, म्हणजे उरलेलं आयोडीन लघवीवाटे जाईल.

आई म्हणाली, "म्हंजी मला शिवायचं न्हाय?"

मी शास्त्र सांगत सुटले. आयोडीनच्या अणूच्या गाभ्यात क्षीण बलामुळे न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन सुटतो, तो वाईट पेशी जाळतो. सोबतचे गॅमा किरण अंगाबाहेर येतात, म्हणून लांब राहायचं, एवढंच.

"किती दिवस?"

"आठ दिवसांत ते निम्मं होतं. पुढच्या आठ दिवसांत त्याच्या निम्मं."

"आन् संपतं कधी?"

गणितात ते कधीच संपत नाही. हे सांगवेना, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!"

त्या दिवसापासून तिने पाणी जवळजवळ सोडलंच. दोन घास खायची, ताट स्वतः घासून मागच्या पायरीवर पालथं घालायची.

आम्ही बौद्ध. आई लहान असताना गावात तिला पाणी वरून ओंजळीत ओतायचे. हे तिने मला एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढू दिला नाही. मला नोकरी लागली तेव्हा तिने हौसेने सहा काचेचे पेले आणले होते. येईल त्याला त्यातूनच पाणी, मग तो कोणीही असो. त्यातलाच एक मी आता बाजूला काढून तिला दिला होता.

तिसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले. उठताना तोल जायला लागला. मी दारातून विनवलं, रडले, "पाया पडते आई, पी ना गं." ती भिंतीकडे बघत राहिली. ते विष हिच्या अंगात साचून राहणार आणि चार बलं शिकवणारी मी नुसती दारात उभी.

शेवटी तांब्या घेऊन आत गेले. कागदातलं अंतर डोक्यात होतं, म्हणून लांब उभी राहिले आणि वाकून, हात ताणून तिच्या पेल्यात ओतायला लागले.

आईने माझ्या ताणलेल्या हाताकडे पाहिलं. पेला बाजूला सारला. उकिडवी बसली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली.

"ओत," ती म्हणाली.

तिच्या पोटात पाणी जायला हवं होतं. मी वरून ओतलं.