पलीकडे निघालेला खिळा

युद्धातून पळून आलेल्या बंगाली कुटुंबांसाठी सरकारने आमच्या गावाबाहेरच्या माळावर पंधरवड्यात खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या. घरातली जुनी भांडी द्यायला मी तिकडे गेलो, तेव्हा एका खोलीत एक बाई भिंतीपुढे उभी होती. तिच्या एका हातात दगड आणि खिळा, दुसऱ्या हातात नवऱ्याचा फोटो.

"मावशी, खिळा मारू नका," ओव्हरसियर दारातूनच ओरडला. "प्लायवूड आहे ते! पलीकडच्या खोलीत निघेल. फोटो पेटीत ठेवा की."

त्याचे काही चुकत नव्हते. इतक्या लवकर घरे उभी करायची, तर भिंती पातळच असणार. घरे पाडतात तीही सरकारे आणि बांधून देतात तीही सरकारे. घाई दोघांनाही सारखीच असते. मेलेल्या माणसालाही घरात थोडी जागा लागते, हे दोघांच्याही नकाशात नसते. माझ्या घराच्या भिंती दगडी आहेत. तरी पत्नी गेल्यावर तिचा फोटो लावायला मला वर्ष लागले, कारण हातच उचलेना. या बाईचा हात उचललेला होता, आणि तिला भिंत पुरत नव्हती.

तेवढ्यात पलीकडून प्लायवूडवर थाप पडली. शेजारच्या खोलीतल्या बाईने सगळे ऐकले होते.

"मारो दीदी, मारो," ती म्हणाली. "इधर मेरे बेटे का लगेगा."

बाईने दगड हाणला. खिळा पलीकडे निघाला, आणि जरा वेळाने त्याच्या टोकाला चौकट अडकवल्याचा बारीक आवाज आला.