शिंगाच्या मुठीचा चाकू

पेरू चिरल्यावर पात्याला जो तुरट वास येतो, त्याने मला ते गृहस्थ आठवतात. मी मिटणारे जुने चाकू गोळा करतो, हे ऐकून ते शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आले होते. ओळख ना पाळख, म्हणून मी त्यांच्या हातांवरची नजर हलवली नाही. टेबलावर मांडलेले बाकीचे चाकू सोडून त्यांनी शिंगाच्या मुठीचा चाकू उचलला. त्याची कळ मुठीवरच्या पितळी फुलाखाली लपलेली. मला ती किती दिवस सापडली नव्हती. त्यांनी न बघताच अंगठा टेकवला आणि पातं खटकन उघडलं. "पावणं, तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं. "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं कसा आला, ते सांगा की." "कुरुंदवाडच्या बाजारात घेतला," मी म्हणालो, आणि खरं असूनही माझा आवाज खोट्यासारखा निघाला. "व्हय?" म्हणत त्यांनी ताटलीतला पेरू चिरला, पातं पुसून मिटलं. मी हात पुढे केला, पण चाकू त्यांनी टेबलावर ठेवला. "हातात दिला की भांडण लागतंय," ते म्हणाले, "आन् भांडायचं का न्हाय, ते मी अजून ठरवल्यालं न्हाय." ते पुन्हा आले नाहीत. पण आजही दार वाजलं की स्वतः विकत घेतलेला तो चाकू मी आधी गादीखाली सारतो, मगच कडी काढतो.