मामाची मांडी

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात हरिओम ॲडमिशनचं काम बघायचा. रविवार नाही, दिवाळी नाही, हा पठ्ठ्या आपला खुर्चीला चिकटलेला. "हरिओमशिवाय इथं पान हलत नाही," असं क्लासचे सर एकदा चहा पिता पिता म्हणाले, आणि तेवढ्यावर गडी वर्षानुवर्षं फुगून जगला. पगार मात्र काही फुगला नाही. असल्या माणसाला कोपरापासून नमस्कार!

त्याची बहीण सिंधु नायगावला दिलेली. तिच्या पोराचं जावळ याच्यापायी अडलं होतं. जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसवायचं असतं, आणि मामा हा एकुलता एक. पहिल्या वर्षी ॲडमिशनचा सीझन आडवा आला. सम वर्षात जावळ करत नाहीत, म्हणून दुसरं वर्ष तसंच गेलं. आता तिसरंही संपत आलं. पोराचे केस डोळ्यांवर आलेले, लोक त्याला पोरगी समजायचे. सासू सिंधुला विचारायची, "तुझा भाऊ कलेक्टर हाय का गं?"

शेवटी सिंधु फोनवर रडली. "दादा, औंदा न्हाई आलास तर ह्या घरात माझी काय किंमत ऱ्हाईल?"

म्हणून साहेब आले. माहूरला, सिंधुच्या सासरच्या कुलदेवीला, भाच्यासाठी नवे कपडे घेऊन. जावळ झाल्यावर तेही मामानंच घालायचे. सासरची मंडळी जमली. हरिओम पाटावर बसला, पोर मांडीवर घेतलं, न्हाव्यानं केसांना पाणी लावलं. सिंधुला इतका आनंद झाला, की ती सासूकडं मान वर करून बघू लागली. निम्मं डोकं झालं आणि हरिओमचा फोन वाजला.

"घेऊ नको, दादा."

"सरांचा हाय गं. काय तरी अर्जंट असंल."

आणि तो उठला. रडणारं पोर तिच्या हातात देऊन पार पायऱ्यांपर्यंत गेला. अर्जंट काय, तर सरांना एसीचा रिमोट सापडत नव्हता. कोणत्या खणात, कशाखाली, सगळं यानं तपशीलवार सांगितलं. नंतर सरांना पंख्याचीही एक तक्रार आठवली, तीही त्यानं मन लावून ऐकली.

इकडं न्हावी वस्तरा धरून ताटकळला. सासू काही बोलण्याआधीच सिंधुनं मंडळींची जीप चालवत आलेल्या शेषेरावांना हाक मारली. "भाऊ, तुम्ही बसा पाटावर."

हरिओम परतला तेव्हा पोराचं डोकं गुळगुळीत झालेलं, आणि ते शेषेरावांच्या मांडीवर पेढा खात बसलेलं.

"झालं बी?" तो हसत म्हणाला.

सिंधु हसली नाही. रडलीही नाही. "कपड्याची पिशवी शेषेरावभाऊंना दे, दादा. मामाच घालत असतो ते."

हरिओमनं पिशवी पुढं केली. शेषेरावांनी ती घेतली, तेव्हा याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हो, सर."