दादाचा जड पाय

भाऊंच्या गॅरेजात गाडी घेऊन आलेल्या माणसाची दोन गोष्टींतून सुटका नव्हती: एक चहा आणि दुसरी दादाच्या जड पायाची गोष्ट. चहात कधी साखर पडायची राहून जाई, गोष्टीत मीठमसाला मात्र कधीच कमी पडला नाही.

गोष्ट अशी. भाऊ विशीत असताना त्यांच्या थोरल्या भावाने, दादाने, एक जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार घरी आणली. लाल रंगाची आणि इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटे. तिच्या इंजिनात पिस्टनच नव्हते. तिकोनी रोटर गरगर फिरायचे आणि त्यांच्या टोकांना बोटभर लांबीच्या पट्ट्या, म्हणजे सील, असायच्या. या इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत कोंबणारा पंखा, बसवायचं दोघांनी मनावर घेतलं. जाणते लोक म्हणाले, अरे, कार्बोरेटर हवा ओढून घेणारा प्राणी, त्याच्या नरड्यात दाबून हवा कोंबलीत तर तो ओकेल. पण ऐकतो कोण! सहा महिन्यांचे रविवार खर्ची पडले. पहिल्याच फेरीला पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर टर्बोने शिट्टी घातली, दाबाचा काटा वर गेला आणि खाड्! सील तुटलं, इंजिन बसलं.

"मी बाजूला बसून ओरडतोय, दादा, हळू! पण त्याचा पाय म्हणजे हत्तीचा!" भाऊ सांगत. गॅरेज हसे. दादा तिथे असला तर तोही हसून म्हणे, "खरंय बाबा, माझाच पाय जड."

दादाला जाऊन वर्ष झालं. वहिनी आता लेकीकडे राहायला निघाल्या होत्या आणि महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. त्या म्हणाल्या, "भावोजी, ती गाडी भंगारात जाऊ देऊ नका. आणि तुमची ती शिट्टी एकदा मला ऐकवा. तेव्हा दोघांनी मला बसवलं नव्हतंत."

भाऊंनी मान डोलावली खरी, पण काम जोखमीचं होतं. दादाने जपून ठेवलेला सीलचा एकच संच शिल्लक होता. तसली सील आता शोधून सापडत नव्हती. या खेपेला तुटली, की गाडी कायमची संपली.

दादाच्या शेडमध्ये तेव्हापासून उभ्या असलेल्या गाडीपाशी भाऊ रोज सकाळी जाऊ लागले. भिंतीवर पान्यांच्या आकृत्या दादाने खडूने काढलेल्या, प्रत्येक पाना आपापल्या जागी. इंजिन उघडलं, सील बसवली, कार्बोरेटर धुतला. शेवटी राहिली ती काडीएवढी रबरी नळी. टर्बोचा दाब किती वाढला याची खबर ती पेट्रोल कमी-जास्त सोडणाऱ्या रेग्युलेटरला देते. ती निसटली की हवा येते पण पेट्रोल कमी पडतं, आणि असलं इंजिन क्षणात सील मोडून घेतं. नळीच्या एका टोकाला गंजलेली क्लिप होती. दुसरं टोक उघडंच होतं.

क्लिप शोधायला भाऊंनी दादाची तंबाखूची डबी उघडली. आत कापसावर तुटलेलं सील होतं, आणि शेजारी एक छोटी क्लिप. कोरी, कधीच न आवळलेली.

भाऊ खाली बसले. शिंप्याने टाचण्या धराव्यात तशा क्लिपा ओठांत धरायची त्यांना तरुणपणापासूनच खोड. त्या पहिल्या फेरीच्या सकाळी नळी तेच बसवत होते. दादाने कसलासा विनोद केला, ते खो-खो हसले, आणि ओठांतलं काहीतरी टणकन फरशीवर पडलं होतं. इतक्या वर्षांत तो आवाज त्यांना एकदाही आठवला नव्हता. इंजिन बसल्यावर दादा घाईघाईने उतरून बॉनेटमध्ये वाकला होता, तेही आत्ता आठवलं; नळीचं निसटलेलं टोक त्याने तेव्हाच पाहिलं असणार.

वहिनी चहा घेऊन आल्या. डबी बघून दारातच थांबल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" भाऊंनी विचारलं.

"ह्यांना त्याच संध्याकाळी फरशीवर सापडली. मी म्हटलं, सांगा की त्याला. तर म्हणाले, वीस वर्षांचं पोर आहे, स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला तर पुन्हा पाना धरणार नाही. माझा पाय जड म्हणू दे, पायाचं काय जातंय?"

भाऊंना रडू आवरेना. दादाच्या तोंडावर आपण ही गोष्ट शंभरदा सांगितली, आणि शंभरदा तो हसला.

तीच क्लिप त्यांनी नळीच्या उघड्या टोकाला आवळली. मग वहिनींना शेजारी बसवून गाडी टाकीच्या चढावर घातली. शिट्टी आली, काटा वर सरकू लागला. भाऊंनी पाय किंचित उचलला.

"दाबा, भावोजी," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी दाबला. चढ सरला, टाकी मागे पडली, इंजिन गुणगुणतच राहिलं. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात चहा आला. टॅक्सीवाला नेहमीसारखा म्हणाला, "भाऊ, होऊन जाऊ दे दादाचा जड पाय!"

भाऊंनी कप खाली ठेवला.

"ती गोष्ट मी आजवर चुकीची सांगितली," ते म्हणाले. "बसा. त्या सकाळी माझ्या तोंडात एक क्लिप होती."