काळा बॉल, हिरवा पडदा आणि संदीपचा बाण

मंडळी, दुपारपासून कामात लक्षच नाही. म्हणून लिहितोय.

संदीप आणि मी पूल, म्हणजे काठीनं बॉल टेबलाच्या पॉकेटात घालायचा खेळ, खेळायला कायम सोबत. तो वडिलांचं दुकान सांभाळायला कुरुंदवाडला गेला आणि फोन कमी होत होत बंदच झाले.

काल कसबा बावड्यातल्या आमच्या क्लबात मी एका शॉटला अडलो. पांढऱ्या बॉलनं काळा मारायचा, तर दोघांच्या बरोबर मधे पिवळा उभा! आज सकाळी पूल टेबलाचं चित्र मांडायची एक वेबसाइट सापडली. बोटानं एकेक बॉल सरकवत कालचं टेबल तयार केलं. हिरव्या पडद्यावर ते बॉल रंकाळा तलावाच्या पाण्यात उमटलेल्या दिव्यांसारखे दिसत होते. किती वेळ बघत बसलो, कळलंच नाही. मग काही न लिहिता लिंक संदीपला पाठवली.

लगेच चित्र परत आलं. त्यात फक्त एक बाण वाढला होता. पांढरा आधी पलीकडच्या कडेला, तिथनं वळून काळ्यावर.

दुपारी क्लबात तसेच बॉल मांडून तसंच मारलं. काळा आत! तिथनंच फोन लावला.

"संद्या, गेला रं!"

तो म्हणाला, "चित्रात आवाज येत न्हाय की. फोन पॉकेटजवळ ठेव आन् परत मार."

मारला. काळा पडला, आत घरंगळत गेला.

"अजून एकदा," संदीप म्हणाला.

तुमच्याकडं कुणी आहे का असं, ज्याला नुसता एक आवाज ऐकवायचा राहिलाय?