विहिरीजवळचा तुकडा

माझे मोठे काका नाकासमोर चालणारे. रागावले तरी समोरच्याला आधी बसायला सांगायचे. गोऱ्या साहेबाच्या मळ्यावर ते आणि माझे बाबा, दोघेही मजूर. मळ्याच्या कडेला मजुरांना पोटापुरते तुकडे कसायला दिलेले होते. एक विहिरीजवळचा, काळ्याभोर मातीचा. एक टेकडीवरचा, तिथे नुसते दगड. कुणा एकाच्याच नशिबी कायमचे दगड नकोत, म्हणून दरवर्षी पीक निघालं की सगळी घरं तुकडे बदलायची. हा फेरपालट आजोबांच्याही आधीपासूनचा, आणि त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं.

त्या वर्षी विहिरीची पाळी काकांची होती, टेकडीची बाबांची. पण मी आईच्या पोटात होते आणि आईला टेकडी चढवेना. "तू खालचा घे, मी वर जातो. वर्षाचा तर प्रश्न आहे, पुढच्या वर्षी मी खाली येईन," काका बाबांना म्हणाले.

नेमक्या त्याच वर्षी राजधानीत वाटाघाटी झाल्या. आमचे पुढारी आणि गोरे साहेब लांबलचक टेबलाशी बसले. झेंडा कधी बदलायचा, मळे कुणाचे, सगळं ठरलं. जो आज कसतो त्याच्या नावावर जमीन! आमचा फेरपालट त्या टेबलापर्यंत कोण पोहोचवणार? मोजणीदार आला. जो जिथे दिसला, तो तुकडा त्याच्या नावावर करून गेला. आमच्या शहाण्यांना वाटलं, ही फक्त यंदाची नोंद. पुढच्या वर्षी येऊन नवी करतील. काकांनी हसत हसत अंगठा उठवला, वर मोजणीदाराला पाणीही पाजलं.

पीक निघालं. काका कुदळ खांद्यावर टाकून विहिरीपाशी आले. बाबा बांधावरच उभे होते.

"दादा, आता कागद झालाय."

"कसला कागद? यंदा पाळी माझी."

"कायदाच तसा आहे, दादा. मी काय करू?"

म्हणे काय करू! कचेरीत जाऊन दोघांनी अंगठे दिले असते तर अदलाबदल होत होती, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मला बाबांचा राग येतो. त्याच मातीतलं खाऊन मी वाढले, याचं तर फार वाईट वाटतं.

काका "बरं" म्हणाले आणि वर गेले. शेजाऱ्यांनी त्यांना ओढत कचेरीत नेलं, तर तिथून तसेच परत आले. "भावाविरुद्ध तक्रार करायला मी काय परका आहे?" म्हणाले.

मग जन्मभर दगड वेचले. चुलतभाऊ कंटाळून शहरात कामाला गेले, ते गेलेच. मी दिसले की काका वरून हात करायचे. बाबांकडे मात्र बघायचे नाहीत. एकदाही मला टाकून बोलले नाहीत, आणि तेच मला सहन होत नाही.

काका गेले तेव्हा बाबा ऊर फुटेस्तोवर रडले. काकूसमोर हात जोडून म्हणाले, "वहिनी, दादाला विहिरीपाशी पुरू. तिथे माती मऊ आहे."

काकूने डोळे पुसले. "राहू द्या, भाऊजी. त्यांना आता दगडांचीच सवय झालीय."

बाबांनी कुदळ उचलली आणि टेकडी चढले. कुणालाही हात लावू दिला नाही. दुपार कलली तरी खड्डा गुडघ्याएवढाच झाला होता.